युरोपात कॅराव्हान: कोणतं सवलत कार्ड घ्यावं?

मे-जून किंवा सप्टेंबरात फिरणार असाल, तर माझं मत सरळ कॅम्पिंगकार्ड एसीएसआयला. ऑफ सीझनला कॅम्पसाइटवर, म्हणजे कॅराव्हान लावून मुक्काम करायच्या ठिकाणी, एकाच ठरलेल्या दरात जागा, दोन मोठी माणसं, दिवसाला ४ युनिटपर्यंत वीज, गरम पाण्याची अंघोळ, इतकंच काय, एक कुत्राही! पोहोचल्यावर रिसेप्शनवर कार्ड दाखवायचं. पर्यटन कर मात्र वेगळा. जुलै-ऑगस्टच्या ऐन गर्दीत बहुतेक ठिकाणी हे कार्ड चालत नाही, त्यामुळे मुलांच्या सुट्ट्या सांभाळून निघणाऱ्यांना त्याचा फारसा उपयोग नाही.

दुसरं कार्ड ‘कॅम्पिंग की युरोप’. त्याची सवलत टक्क्यांत, तीही कॅम्पसाइटनुसार बदलणारी. पण आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा त्यात येतो, आणि बऱ्याच ठिकाणी ओळखपत्र म्हणून पासपोर्टऐवजी हेच कार्ड चालतं. अनोळखी काउंटरवर पासपोर्ट सोडून जायला ज्यांचा जीव धजावत नाही, त्यांना एवढं कारण पुरे.