एलएलसी मेंबरांनी चालवावी की मॅनेजरने?

अमेरिकेत एलएलसी, म्हणजे मालकांची जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी, काढताना नाव, राज्य आणि फी यांवर खूप चर्चा होते; कारभार कोण बघणार हा रकाना मात्र जाता जाता भरला जातो. कॅलिफोर्नियाच्या एलएलसी-१ या नोंदणीच्या फॉर्मवर तिथे तीन पर्याय असतात: एक मॅनेजर, एकाहून जास्त मॅनेजर किंवा सगळे मेंबर, म्हणजे मालक. काहीच ठरवलं नाही, तर बहुतेक राज्यांत कंपनी मेंबर-मॅनेज्ड धरली जाते.

दोघे-तिघे मालक असतील आणि सगळे रोज कामात असतील, तर मेंबर-मॅनेज्डच बरी. सह्या पटकन होतात, कुणाला हिशेब मागावा लागत नाही. अडतं ते मतांवर. समजा तिघांनी ६०,०००, ३०,००० आणि १०,००० डॉलर घातले आणि नफ्यातला वाटाही त्याच प्रमाणात ठेवला. मेंबरांचा आपसातला करार, म्हणजे ऑपरेटिंग ॲग्रीमेंट, यावर गप्प असेल, तर डेलावेअरमध्ये मतं नफ्यातल्या वाट्यानुसार मोजतात, म्हणजे ६० टक्केवाला एकटाच सगळं ठरवतो. काही राज्यांत मात्र माणशी एक मत. तिथे मिळून ४० टक्केच असलेले बाकीचे दोघे त्याला रोज हरवू शकतात. म्हणून मतं कशी मोजायची हे ऑपरेटिंग ॲग्रीमेंटमध्ये लिहाच. न्यूयॉर्कमध्ये तर हा करार लेखी असावा लागतो आणि नोंदणीनंतर ९० दिवसांच्या आत करावा लागतो.

काहींचे फक्त पैसे गुंतलेत, वेळ नाही, तर मॅनेजर-मॅनेज्ड घ्या. मॅनेजर मेंबरांपैकी एक असू शकतो किंवा बाहेरचा. आणखी एक फायदा: कॅलिफोर्नियात एलएलसी-१२ या सार्वजनिक नोंदीत मॅनेजरांची नावं जातात, मॅनेजर नसेल तरच सगळ्या मेंबरांची द्यावी लागतात. पण नुसता मॅनेजर नेमून काम संपत नाही. डेलावेअरमध्ये करारात वेगळं म्हटलं नसेल, तर प्रत्येक मेंबरलाही कंपनीच्या वतीने व्यवहार करून तिला बांधून घालता येतं. तेव्हा ‘मॅनेजरशिवाय कुणी सही करायची नाही’ हे स्पष्ट लिहा आणि बँकेलाही कळवा. मॅनेजरलाही मर्यादा हवी: ठरावीक रकमेपुढचा खर्च, कर्ज, मालमत्तेची विक्री आणि नवा मेंबर यांसाठी मेंबरांचं मतदान. त्याला कितीच्या बहुमताने काढायचं, हे नसेल तर भांडण कोर्टात जातं.

कर दोन्हींत सारखाच. दोन किंवा जास्त मेंबर असले आणि दुसरा पर्याय निवडला नसेल, तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, कंपनीला भागीदारी मानते आणि प्रत्येकाला के-१, म्हणजे नफ्यातला आपला वाटा दाखवणारा फॉर्म, मिळतो. नफा वाटला नाही तरी आपल्या वाट्यावर कर भरावाच लागतो. मॅनेजर-मॅनेज्डमध्ये वाटप मॅनेजरच्या हातात असतं, त्यामुळे कामाबाहेरच्या मेंबरला याचा जास्त चटका बसतो. निदान कराइतकी रक्कम दर वर्षी वाटलीच पाहिजे, असं कलम त्याने आग्रहाने घालून घ्यावं. आणि मॅनेजर स्वतः मेंबर असेल, तर त्याला डब्ल्यू-२ वर, म्हणजे नोकरदारासारखा, पगार देता येत नाही. कामाचा मोबदला गॅरंटीड पेमेंट, म्हणजे नफ्यावर अवलंबून नसलेली ठरलेली रक्कम, म्हणून दाखवायचा. ही चूक फार होते.

दोघांचा ५०-५० वाटा असेल, तर कुठलाही प्रकार घ्या, पेच सोडवायचा मार्ग आधी लिहा: तिसऱ्या माणसाचा निर्णायक कौल, किंवा एकाने भाव सांगायचा आणि दुसऱ्याने त्या भावाने विकायचं की घ्यायचं ते ठरवायचं.

पुढे प्रकार बदलता येतो. कॅलिफोर्नियात त्यासाठी एलएलसी-२ हा दुरुस्तीचा फॉर्म भरावा लागतो. सोबत करार आणि बँकेतले सह्यांचे अधिकारही बदलून घ्या.