बर्फाच्या अंदाजांवर काढलेला एक अख्खा हंगाम: पाच महिन्यांनंतरचा अनुभव

नोव्हेंबरच्या शेवटी डोंगरातल्या या स्कीच्या गावात हंगामभरासाठी राहायला आले, तेव्हा फोनमध्ये बर्फाचा अंदाज देणारी तीन अ‍ॅप्स घेतली होती. त्यातलं एक पैसे भरून. माझं काम घरून चालतं, पण आठवड्यातल्या दोनच सकाळी मोकळ्या मिळतात आणि त्या कुठल्या, हे रविवारीच सांगावं लागतं. त्यामुळे अंदाज चुकला की माझी सकाळ जाते. आता एप्रिल उजाडलाय, लिफ्ट बंद व्हायला आल्या आहेत, म्हणून लिहायला बसले.

पहिला महिना मी एकच गोष्ट केली: पुढच्या दहा दिवसांचे सेंटिमीटर बघायचे आणि सगळ्यात मोठा आकडा असलेला दिवस धरायचा. डिसेंबरात एका अ‍ॅपने आठ दिवस आधी ५५ सेंटिमीटर दाखवले. दुसऱ्या दिवशी २०, मग ४०, मग १२. प्रत्यक्षात पडला ९. हे असं का होतं ते समजून घेतलं आणि माझी बघण्याची पद्धतच बदलली. जगभराचं हवामान मांडणारी मॉडेल्स दिवसातून अनेकदा नव्याने चालतात. अमेरिकेचं जीएफएस चार वेळा, १६ दिवस पुढपर्यंत. बरीच अ‍ॅप्स त्यातल्या ताज्या रनचा एकच आकडा उचलून समोर ठेवतात. आठ दिवस पुढचं वादळ थोडं जरी बाजूला सरकलं, तरी एका खोऱ्यातला बर्फ शेजारच्या खोऱ्यात जातो. म्हणून आता पाच दिवसांपलीकडचं काही बघायचं असेल तर मी एन्सेम्बल उघडते. युरोपीय हवामान केंद्र सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून तोच अंदाज ५० वेळा चालवतं. त्यातल्या ४० रननी बर्फ दाखवला तर मी सकाळ राखून ठेवते. आठनीच दाखवला, तर त्यातला एखादा कितीही मोठा असो, सोडून देते. पैसे भरलेल्या अ‍ॅपमध्ये हा आलेख आहे आणि तेवढ्यासाठीच मी ते ठेवलं.

सगळ्यात महाग धडा मात्र जानेवारीत मिळाला. ३५ सेंटिमीटरचा अंदाज होता, मी सकाळ मोकळी ठेवली आणि उठले तर खिडकीवर पावसाची झड. वर मधल्या स्थानकावर त्याच वेळी छान बर्फ पडत होता. अ‍ॅपमध्ये शोधाशोध केल्यावर सेटिंगच्या एका कोपऱ्यात सापडलं, की तो आकडा १,९०० मीटर उंचीचा होता. आमचं गाव १,५०० वर. मोठं मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून हिशेब करतं आणि असा एक चौकोन साधारण ९ किलोमीटरचा असतो. त्यात दरी, गाव, कडा सगळं एका सरासरी उंचीवर सपाट होतं. दर १०० मीटरला तापमान सरासरी ०.६५ अंशाने बदलतं, म्हणजे ४०० मीटरला अडीच अंशांहून जास्त. शून्याच्या आसपास एवढ्या फरकावरच पाऊस की बर्फ हे ठरतं. नवीन माणसाला मी हेच पहिलं सांगेन: आकडा कुठल्या उंचीचा आहे ते शोधा. सापडत नसेल तर ते अ‍ॅप काढून टाका. मी एक याच कारणासाठी काढलं.

तेव्हापासून माझं लक्ष शून्य अंशाच्या उंचीवर, म्हणजे हवेचं तापमान ज्या उंचीवर शून्य होतं तिच्यावर असतं. बर्फ त्या रेषेच्या खाली साधारण दोन-तीनशे मीटरपर्यंत न वितळता पोचतो. पण वारा पडलेला असेल, दरी अरुंद असेल आणि धार जोराची लागली असेल, तर वितळणारा बर्फ आजूबाजूच्या हवेतली उष्णता शोषत जातो आणि बर्फ-पावसाची ही सीमा हळूहळू आणखी खाली उतरते. कुठलंच अ‍ॅप मला हे नीट दाखवू शकलेलं नाही.

थंडीचं गणित उलट बाजूने चुकतं. ढोबळ हिशेब एक मिलिमीटर पाण्याचा एक सेंटिमीटर बर्फ असा असतो. ढगात उणे १२ ते उणे १८ अंश असेल तर सहा हातांचे मोठे, चांदणीसारखे स्फटिक तयार होतात आणि त्यांचा ढीग हवेने भरलेला राहतो. तेवढ्याच पाण्यात दीडपट-दुप्पट बर्फ. फेब्रुवारीतल्या एका रात्री अंदाज १० चा होता, मी मोजला २१. हंगामातली सर्वांत सुंदर सकाळ ती.

मोजला म्हणजे खरंच मोजला. पांढरा रंग दिलेली एक फळी मागच्या अंगणात ठेवलीय, त्यावर पट्टी. रोज सकाळी सातला आकडा वहीत लिहायचा आणि फळी पुसायची. वारंवार पुसली तर बेरीज फुगते, कारण पडलेला बर्फ स्वतःच्या वजनाने दबत असतो. वहीत महिनाभराच्या नोंदी झाल्यावर आमच्या खोऱ्याचा स्वभाव दिसायला लागला. वायव्येचा वारा असला की अंदाजापेक्षा जास्त पडतो, दक्षिणेचा असला की समोरचा डोंगर सगळं अडवून घेतो आणि आमच्याकडे नुसते ढग येतात. माझ्या मते ही वही तिन्ही अ‍ॅप्सच्या वरची आहे.

वाऱ्याबद्दल आणखी एक. अ‍ॅप गावातला वारा दाखवतं, लिफ्ट बंद पडते ती कड्यावरच्या वाऱ्याने. दोन सकाळी मी अशा घालवल्या.

हवामान कार्यालयातला माणूस रोज संध्याकाळी चार-सहा ओळी लिहितो, त्या मी हंगामाच्या मध्यापर्यंत वाचतच नव्हते याची हळहळ वाटते. 'मॉडेल्समध्ये एकमत नाही', 'सीमा रात्री खाली येण्याची शक्यता' असं तिथे सरळ लिहिलेलं असतं.

हिमस्खलनाचं पत्रक वेगळं वाचावं लागतं. त्यात १ ते ५ पातळ्या असतात. ३ म्हणजे मधली, म्हणून चालेल, असं अजिबात नाही. पातळीगणिक धोका झपाट्याने वाढतो. ताज्या बर्फाची आणि वाऱ्याची सकाळ आखीव मार्गांबाहेर बहुधा सर्वांत वाईट असते. अशा दिवशी मी मार्गातच राहते.

परवा संध्याकाळी अ‍ॅपमध्ये गावासाठी नुसता पाऊस होता, शून्य अंशाची उंची १,९००. पण वारा पूर्ण पडला होता आणि धार वाढत चालली होती. झोपण्यापूर्वी फळी पुसून ठेवली. सकाळी तिच्यावर ६ सेंटिमीटर होते, ओले, जड.