पुढचे दोन टायर संपत आले: मऊ घ्यावेत, मधले की टिकाऊ?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी खालापूरच्या पुढे रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून ताशी ८५-९० नं जाताना स्टिअरिंग क्षणभर हातात अगदी हलकं झालं. गाडी कुठे वळली नाही, काही झालं नाही. पण चाकं आणि रस्ता यांच्यात त्या क्षणी पाण्याशिवाय काही नव्हतं, हे हातांना कळलं. घरी आल्यावर गाडी जॅकवर घेतली आणि पुढच्या डाव्या टायरच्या चरांमध्ये गेज घातलं. बाहेरच्या कडेला ४ मिमी, मधे ३.४, आतल्या कडेला २.२.

गाडीशेजारी उभं राहून बघितलं तर तो टायर अजून वर्षभर सहज जाईल असंच कुणीही म्हटलं असतं, कारण दिसते ती बाहेरचीच कड. आतल्या कडेवरून तळवा फिरवला, तर एका दिशेनं गुळगुळीत लागली आणि उलट दिशेनं करवतीच्या दात्यांसारखी बोचली. टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली दिसतात तो कोन, बिघडला होता आणि फिरताना रबर रोज थोडं थोडं तिरकं खरवडलं जात होतं. मागच्या दोन्ही टायरांत मात्र साडेपाच मिमी शिल्लक होते.

माझी गाडी ऑक्टाव्हिया १.८ टर्बो पेट्रोल आहे. १८० पीएस, सगळी ताकद पुढच्या चाकांवर, टायर २२५/४५ आर१७. व्हर्टस किंवा स्लाव्हियाचं दीड लिटरचं टर्बो इंजिन असेल तर तुमचा साइज २०५/५५ आर१६ असेल, पण पेच हाच पडणार: दोन घ्यायचे की चार, आणि कोणत्या जातीचे?

आधी हे ठरवा: टायर संपला कधी म्हणायचं?

कायद्याची रेषा १.६ मिमीची. चरांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, ते टीडब्ल्यूआय. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्यानंही संपला. दुकानदारही बहुतेक वेळा तेच दाखवून ‘अजून चालेल’ म्हणतात. कोरड्या रस्त्यावर ते चुकीचं नाही. उलट कमी नक्षीचा टायर कोरड्यात छानच पकडतो, कारण रबराचे ठोकळे बुटके झाल्यानं कमी डुलतात. त्यामुळेच उन्हाळाभर आपल्याला काही जाणवत नाही.

पावसात हिशेब उलटा होतो. ब्रिटनमध्ये मायरा या संस्थेनं ओल्या रस्त्यावर ब्रेकिंग मोजलं, तेव्हा नक्षी ६.७ मिमीवरून १.६ वर आल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर डांबरी रस्त्यावर सुमारे ३७ टक्के आणि गुळगुळीत काँक्रीटवर सुमारे ४५ टक्के वाढलं. आपले काँक्रीटचे रस्ते तितके गुळगुळीत नसतात, पण मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे काँक्रीटचा आहे हे विसरू नका.

दुसरा धोका तरंगण्याचा. नासानं १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवरून एक साधं सूत्र काढलं: हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढून त्याला साधारण १६.७ नं गुणलं की ज्या वेगाला गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगतो तो ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ३३ पीएसआयला तो येतो ९६. मोटारीला हे सूत्र तंतोतंत लागू होत नाही, आणि रुंद टायर तर त्याआधीही तरंगू शकतो. एक्स्प्रेस वेवर सपाटीला मोटारींना १०० ची मर्यादा आहे. यातून वाचवतात ते फक्त पाणी बाहेर फेकणारे चर, आणि त्यांची खोलीच आपण घासून संपवत असतो.

म्हणून माझी रेषा ३ मिमीची आहे, आणि तीही सगळ्यात झिजलेल्या कडेवर मोजलेली. कॉन्टिनेन्टल उन्हाळी टायरांसाठी हाच आकडा सुचवते. मिशलिनचं म्हणणं वेगळं: टायर १.६ पर्यंत वापरावा, लवकर काढणं म्हणजे पैशाची आणि रबराची नासाडी, आणि झिजल्यावर सगळे टायर सारखेच वाईट होत नाहीत. यातला शेवटचा मुद्दा खरा आहे. युरोपात जुलै २०२४ पासून नव्या मॉडेलांची झिजलेल्या अवस्थेतली ओली पकडही तपासली जाते, ती याचसाठी. पण जून ते सप्टेंबर घाटात गाडी घालणाऱ्यानं ३ च्या खाली जाऊ नये, असंच मी सांगेन. नोव्हेंबरात ३ वर आलेला टायर मेपर्यंत जरूर वापरा.

तीन जाती

पहिली जात मऊ रबराच्या स्पोर्ट टायरांची: मिशलिन पायलट स्पोर्ट, पिरेली पी झीरो, ब्रिजस्टोन पोटेन्झा, गुडइयर ईगल एफ१. यांचं रबर रस्त्याच्या बारीक खरखरीत शिरतं, म्हणून वळणावर स्टिअरिंग वळवताक्षणी गाडी ऐकते. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, कडक असते. आंबा घाट उतरताना हा फरक पहिल्या दोन वळणांतच कळतो. ओल्यात, नवे असताना, यांच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पण जे रबर खरखरीत शिरतं, तेच सोलूनही निघतं. शिवाय टर्बोचा टॉर्क पुढच्या चाकांवर असेल तर सिग्नलवरून जोरात उचलण्याची सवय पुढची जोडी मागच्यापेक्षा कितीतरी आधी संपवते.

दुसऱ्या टोकाला टिकाऊ, शांत टायर: मिशलिन प्रायमसी, ब्रिजस्टोन तुरान्झा, पिरेली चिंतुरातो. आवाज कमी, खड्ड्याचा दणका कमी, आयुष्य जास्त. स्टिअरिंगला उत्तर अर्धा ठोका उशिरा येतं. चांगल्या कंपनीचा असा टायर पावसात अजिबात वाईट नसतो, हे ठासून सांगते, कारण स्पोर्टवाली मंडळी याला उगाच नावं ठेवतात.

मधली जात कॉन्टिनेन्टलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६, व्रेडस्टाइन अल्ट्राक यांची. रोजची गाडी आणि अधूनमधून घाट, असा ज्यांचा वापर आहे त्यांच्यासाठीच हे बनलेत असं वाटतं. व्रेडस्टाइन मूळची डच कंपनी. अपोलोनं ती २००९ मध्ये घेतली आणि २०२१ पासून हे टायर भारतात विकायला आणले.

साइडवॉलवर ट्रेडवेअरचा आकडा दिसतो. पायलट स्पोर्ट ४एसवर ३००, तर ट्रॅककडे झुकणाऱ्या कप २ वर बऱ्याच साइजमध्ये १८०. हा अमेरिकी पद्धतीचा आकडा. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यांवर सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर गाडी फिरवून झीज मोजतात, १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी ती ताडतात, आणि आकडा कंपनी स्वतःच ठरवते. म्हणून एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला तो उपयोगी आहे. एका कंपनीचा ३४० आणि दुसरीचा ४०० शेजारी ठेवून ‘हा जास्त टिकेल’ असं मात्र ठरवू नका. आणि तो नुसत्या झिजेचा आकडा आहे, ओल्या पकडीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

रुपयांत बघू

खालचे भाव आणि आयुष्य मी समजण्यासाठी धरलेत. तुमच्या दुकानातला भाव आणि तुमच्या जुन्या टायरचा अनुभव घालून हाच हिशेब करा. नवी नक्षी ८ मिमी धरली आहे आणि वापर ३ मिमीपर्यंतच मोजला आहे.

| | टिकाऊ | मधला | मऊ स्पोर्ट |
|---|---|---|---|
| एका टायरचा भाव | ₹१२,००० | ₹१४,००० | ₹१६,००० |
| १.६ मिमीपर्यंत | ४०,००० किमी | ३४,००० किमी | २८,००० किमी |
| ३ मिमीपर्यंत | सुमारे ३१,२५० | सुमारे २६,५५० | सुमारे २१,९०० |
| चार टायरांचा खर्च, दर किमी | ₹१.५४ | ₹२.११ | ₹२.९३ |

वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरत असाल तर मधला टायर टिकाऊपेक्षा वर्षाकाठी साधारण ५,७०० रुपयांनी महाग पडतो आणि मऊ १३,९०० रुपयांनी. पेट्रोल १०४ रुपये आणि सरासरी १२ धरली तर इंधनच किलोमीटरला ८ रुपये ६७ पैसे खातं. त्यापुढे मधल्या टायरचे सत्तावन्न पैसे मला जड वाटत नाहीत. मऊ टायरचे जवळपास एक रुपया चाळीस पैसे मात्र विचार करायला लावतात. हा खर्च घाटात आणि लांबच्या प्रवासात वसूल होतो, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नाही.

भाव काढताना जुन्या याद्यांवर विसंबू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

दोन की चार?

इथे दुकानात सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला मिळतो. मलाही मिळाला: ‘ताई, इंजिन पुढे, ब्रेकचा जोर पुढे, स्टिअरिंग पुढे. नवे पुढेच टाका, मागचे आहेत तसे राहू द्या.’ ऐकायला पटतं. पण दोनच नवे घेत असाल तर ते मागे जायला हवेत आणि मागचे चांगले उरलेले पुढे यायला हवेत. ताकद पुढच्या चाकांवर असलेली गाडी असली तरी. टायर कंपन्याही हेच सांगतात.

कारण असं. ओल्या वळणावर पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाऊ लागते, स्टिअरिंग हलकं होतं. खालापूरला मला कळलं तसं हातांना ते कळतं. ॲक्सिलरेटरवरून पाय सैल केला की बहुतेक वेळा पकड परत येते. मागचे सुटले तर आधी काहीच कळत नाही. शेपूट बाहेर निघते, आणि पाय सैल केल्यानं वजन पुढे सरकून ती आणखी निघते. रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला तिथून गाडी सावरणं जमत नाही.

दोन घेणं कधी योग्य? मागच्या जोडीत पाच मिमीच्या आसपास शिल्लक आहे, ती फार जुनी नाही आणि तेच मॉडेल मिळतंय, तेव्हा. मला इथेच अडलं. १२ जून २०२० पासून टायरची आयात सरकारनं निर्बंधित यादीत घातली, परवान्याशिवाय आणता येत नाही. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला आहे, गुडइयरचा वाळूजला, पण भारतात कारखाना आहे म्हणून त्या कंपनीचं प्रत्येक मॉडेल इथे बनतंच असं नाही. माझ्या स्पोर्ट टायरची जोडी तीन दुकानांत मिळाली नाही. पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या जातीचे टायर लावले की पावसात एक टोक आधी सुटतं, आणि कोणतं ते आधी सांगता येत नाही. म्हणून चार घेतले. साडेपाच मिमीची जुनी जोडी ऑफिसातल्या एकाच्या गाडीला लागली, त्याच्याकडे तेच मॉडेल होतं.

चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारच घ्या, किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या फरकाच्या आत राहा. झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो. २२५/४५ आर१७ मध्ये ४ मिमी झीज म्हणजे व्यासात सव्वा टक्का फरक, आणि तो भार सतत गिअरांवर येत राहतो.

कुणी काय घ्यावं

शहरातच वापर, महिन्यातून एखादी ट्रिप, घरातले तीन-चार जण गाडी चालवतात: टिकाऊ. उरलेले पैसे हवा आणि अलाइनमेंट नियमित बघण्यात घाला. आठवड्याला एक्स्प्रेस वे, पावसातही कोकण, आणि गाडी चालवण्याची मनापासून आवड: मधला. मी हाच घेतला. मऊ स्पोर्ट त्यांनी घ्यावा, ज्यांची गाडी खरोखर त्या तोलाची आहे आणि जे वीस-बावीस हजार किलोमीटरला चार टायर बदलायला तयार आहेत. सगळ्यात वाईट निवड म्हणजे मऊ टायर घेऊन पैसे वसूल करण्यासाठी तो गोटा होईपर्यंत ओढणं. त्यापेक्षा खोल नक्षीचा साधा टायर पावसात कितीतरी भला.

जात कोणतीही असो, साइजपुढचा आकडा आणि अक्षर खाली उतरू देऊ नका. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. इतक्या वेगानं कुणी जाणार नसतं, पण ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो हेही सांगतं. ४५ ची साइडवॉल जेमतेम १० सेंटीमीटर उंच असते आणि आपल्या खड्ड्यांत तिला फुगा यायला वेळ लागत नाही. म्हणून एक्सएल, म्हणजे जास्त भार पेलणारा टायर, मिळत असेल तर मी तोच घेते.

बिल करण्याआधी साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. कमी खपणाऱ्या साइजचे टायर गोदामात पडून असतात, आणि चारांपैकी एक वेगळ्या वर्षाचा निघू शकतो. वर्षभराहून जुना असेल तर बदलून मागा, संकोच करू नका. दिशेचा बाण असलेला टायर एका बाजूचा दुसऱ्या बाजूला रिमवरून उतरवल्याशिवाय लावता येत नाही. बाहेरची-आतली बाजू ठरलेल्या टायरला ती अडचण नाही, पण बसवताना ‘आउटसाइड’ खरोखर बाहेर आहे का, हे चारही चाकांवर स्वतः फिरून बघा.

अलाइनमेंट झाली की मशीनचा छापील कागद मागून घ्या, आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला. माझ्या आधीच्या रकान्यात पुढचा टो लाल रंगात होता, तिथेच आतल्या कडेचं उत्तर मिळालं. नवे टायर आता आठ हजार किलोमीटर फिरलेत. पुढच्या डाव्यात बाहेर ६.३, मधे ६.३, आत ६.२.