कॅनकूनचा फुकट नाश्ता केवढ्याला पडतो

अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. म्हणून तिकडची बरीच मराठी जोडपी लाँग वीकेंड बघून कॅनकून गाठतात, आणि पहिला गळ विमानतळावरच लागतो.

कस्टम्स ओलांडलं की एक हॉल लागतो. दोन्ही अंगांना काउंटर, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं. "हॉटेल कोणतं? तुमची गाडी इकडे." ही माणसं ना गाडीवाली, ना पर्यटन खात्याची, टाइमशेअर (रिसॉर्टमधली खोली दरवर्षी ठरावीक दिवस वापरण्याचा हक्क) विकणाऱ्यांची असतात. आगाऊ ठरवलेली गाडी इमारतीबाहेर उभी असते, तेव्हा न थांबता बाहेर पडायचं. गाडी ठरवली नसेल तर शहरात आणि प्लाया देल कार्मेनला 'ए-डी-ओ'ची बस जाते.

आमिष ठरलेलं: चिचेन इत्झा या प्राचीन माया शहराची सहल स्वस्तात, बदल्यात उद्या सकाळी 90 मिनिटांचा नाश्ता. नवरा-बायको दोघंही हवेत, क्रेडिट कार्डही जवळ हवं. दोघं कशाला, तर "घरी विचारून सांगतो" ही पळवाट उरू नये म्हणून. मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरून घेऊन जोडप्याला हॉटेलात बोलावतात ना, त्याचाच हा थोरला भाऊ.

90 मिनिटांचे तीन-चार तास होतात. खाणं, खोल्यांची फेरी, मग टेबल. कोऱ्या कागदावर पेनाने आकडा, त्यावर काट, खाली लहान आकडा. नको म्हटलं की 'मॅनेजर' येतो, आणखी एक काट. उठलात तर दाराशी तिसरा गडी 'ट्रायल' पॅकेज घेऊन हजर. दरवर्षी भरायच्या आणि वाढत जाणाऱ्या मेंटेनन्सचा आकडा त्या कागदावर सहसा येत नाही.

सही होऊन बसलीच, तर त्याच दिवशी कामाला लागा. मेक्सिकोच्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 56 प्रमाणे कामकाजाच्या 5 दिवसांत करार दंडाशिवाय रद्द करता येतो. "आधी सुट्टी मजेत घालवा, मग बघू" हा प्रेमळ सल्ला ते दिवस उलटावेत म्हणून असतो. रद्द करण्याचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली असली तरी घाबरू नका. त्या कायद्यातले हक्क असे सोडून देता येत नाहीत.

पत्र लेखीच हवं: करार क्रमांक, तारीख, करार रद्द करतोय आणि पैसे परत हवेत हे स्पष्ट वाक्य, दोघांच्या सह्या. समक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. "आज संबंधित साहेब नाहीत" म्हणाले तर त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्ट, शिवाय ईमेल. मग कार्डाच्या बँकेला कळवा आणि 'प्रोफेको' या सरकारी ग्राहक संस्थेकडे तक्रार टाका.

मुदत हुकलेल्यांना पुढे आणखी एक फोन येऊ शकतो: तुमच्या टाइमशेअरला गिऱ्हाईक मिळालंय, फक्त मेक्सिकोचा कर आधी भरा. कर भरला की नवी फी निघते, ती भरली की आणखी एक. गिऱ्हाईक मुळातच नसतं. मेक्सिकोतल्याच पुएर्तो वायार्ता भागातल्या अशा कंपन्यांवर अमेरिकेच्या अर्थखात्याने 2023 मध्ये निर्बंध घातले. धागा थेट हालिस्कोच्या ड्रग कार्टेलपर्यंत जात होता. फोन आलाच तर एवढंच म्हणा, "कर विक्रीच्या पैशातून कापून घ्या." पलीकडचा सूर तिथेच बदलतो.