चौथ्या दिवशीही लालबुंद राहणारा खिमा

कुत्र्या-मांजरांच्या कच्च्या आहाराच्या नावाखाली चालणारी फसवणूक आधी डोळ्यांना भुलवते. गोठवलेला खिमा, पाकिटावर ‘शंभर टक्के मांस, संपूर्ण आहार’ असे शब्द आणि रंग असा की आत्ताच कापलंय असं वाटावं. मांजर सुरुवातीला चाटूनपुसून खातं. काही आठवड्यांनी ते ताटलीपाशी येतं, वास घेतं आणि तोंड न लावता निघून जातं. विकणारा सांगतो, ‘नवीन आहार आहे, सवय होईल, धीर धरा.’ हा धीर धरू नका.

शिळं मांस ताजं दिसावं आणि त्याचा वास दबावा म्हणून त्यात सल्फाइट हे टिकवण्याचं रसायन मिसळलं जातं. रंग टिकतो, पण हेच सल्फाइट थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, नष्ट करतं. या जीवनसत्त्वाचा साठा शरीरात फारसा नसतोच, आणि मांजराची गरज कुत्र्यापेक्षा बरीच जास्त असते. आधी भूक जाते, लाळ गळते, उलट्या होतात. मग मान खाली झुकून हनुवटी छातीकडे जाते, उजेडातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहतात, चाल डळमळते आणि शेवटी झटके येतात. थायामिनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर जनावर एक-दोन दिवसांतही सावरू लागतं. उशीर झाला तर मेंदूची इजा कायमची राहू शकते. त्याच खिम्यात बी-१ची गोळी कुस्करून घालण्याचा उपयोग नाही. सल्फाइट ती गोळीही वाया घालवतं, आणि त्याच वेळी दिलेल्या दुसऱ्या चांगल्या अन्नातलं थायामिनसुद्धा.

घरी अंदाज घेता येतो. मूठभर खिमा झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ४ अंशांना ठेवा. साधा खिमा एक-दोन दिवसांत तपकिरी पडू लागतो. चौथ्या दिवशीही तो लालबुंद असेल, किंवा डबा उघडताच नुकत्याच विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास नाकात गेला, तर तो खिमा जनावराला घालू नका. अर्थात हा फक्त संशय. खात्री प्रयोगशाळेतच होते.

दुसरी फसवणूक ‘संपूर्ण’ या शब्दाची. हाडाविना १०० ग्रॅम मांसात कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. लागतं मात्र कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा थोडं जास्त. रक्तातली तूट भरायला शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढतं, म्हणून वाढत्या पिल्लांचे पाय वाकतात आणि साध्या उडीनेही हाड मोडतं. हाड नसलेल्या १ किलो मांसाला साधारण ६ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लागतं. विकणाऱ्याला सरळ विचारा: कॅल्शियम किती, कशातून? मांजरासाठी टॉरिन, म्हणजे त्याला अन्नातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य, किती घातलंय? १९८७ साली मांजरांच्या हृदयविकाराशी टॉरिनच्या कमतरतेचा संबंध सिद्ध झाला, त्यामुळे ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर आता चालत नाही. ‘८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के कलेजी-गुर्दे’ एवढंच ऐकायला मिळालं, तर आयोडीन, जस्त, मँगनीज आणि ई जीवनसत्त्वाचं काय, तेही विचारा. आकडे लेखी मिळत नसतील तर तो पूरक खाऊ आहे, रोजचं जेवण नव्हे.

पाकिटावरचे आकडेही वाचता आले पाहिजेत. समजा प्रथिनं ११ टक्के, चरबी १६ टक्के, पाणी ७० टक्के. पाण्यामुळे चरबी थोडीच वाटते. एका ग्रॅममधल्या अंदाजे कॅलरी धरून प्रथिनांना ३.५ आणि चरबीला ८.५ ने गुणा: ३८.५ आणि १३६. म्हणजे पाऊण भागाहून जास्त ऊर्जा चरबीतून! स्वच्छ, कमी चरबीच्या मांसात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. इथे मांसाच्या भावात छाटलेली चरबी विकली जातेय, आणि अशा जेवणाने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असलेली कुत्री असतात.

‘गोठवलंय, म्हणजे जंतू मेले’ हे धादांत खोटं आहे. गोठवण्याने साल्मोनेला आणि लिस्टेरिया थांबतात, मरत नाहीत. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर कच्चं मांस घरात आणूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

संशय आला की ते अन्न त्याच दिवशी बंद करा आणि जनावर पशुवैद्याकडे न्या. काय खाऊ घातलं आणि किती दिवस, हे न लपवता सांगा. उरलेलं पाकीट रागाने फेकून देऊ नका. निदान २०० ग्रॅम खिमा मूळ वेष्टनासकट दुसऱ्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. बॅच क्रमांक आणि तारखेचा फोटो काढा, पावती आणि विकणाऱ्याचे संदेश जपा. थायामिनसाठी रक्त तपासायचं असेल तर ते इंजेक्शनच्या आधी घ्यावं लागतं. मात्र अहवाल येईपर्यंत इंजेक्शन थांबवायचं नसतं.