मिनरल फाउंडेशन कशाने लावायचं: सपाट ब्रश, काबुकी, स्पंज की पफ?

मागच्या मे महिन्यात ठाण्याला, मावसबहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघींनी एक गोष्ट करून पाहिली. मिनरल फाउंडेशनची, म्हणजे खनिजांपासून केलेल्या सुट्या पावडरीची, डबी एकच. उजव्या गालावर तिने डबीतल्या पफने पावडर थापली, डाव्या गालावर मी दाट केसांच्या सपाट ब्रशने तीच पावडर गोल गोल चोळली. मग खिडकीपाशी आरसा धरला. उजवा गाल गिरणीतून आल्यासारखा पिठूळ, वरच्या ओठावरची लवही पांढरी दिसत होती. डावा गाल नुसता नितळ. तोवर ती दुकानात जाऊन शेड बदलून आणायच्या बेतात होती. शेडमध्ये काहीच चूक नव्हती.

हे असं का होतं ते एकदा कळलं की निवड सोपी जाते. लिक्विड फाउंडेशनमध्ये रंग पातळ द्रवात मिसळलेला असतो, त्यामुळे ते बोटानेही पसरतं. सुट्या मिनरल पावडरीत मुख्यतः अभ्रक, टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड आणि रंगासाठी आयर्न ऑक्साइड. पाणी नाही, तेल नाही किंवा नावापुरतं. ती आपणहून पसरत नाही. अभ्रकाचे बारीक पापुद्रे त्वचेवर आडवे बसवावे लागतात, आणि ते काम चोळण्याने होतं, थापण्याने नाही. टायटॅनियम आणि झिंक दोन्ही पांढरेशुभ्र. सावळ्या किंवा गव्हाळ चेहऱ्यावर त्यांचा थर नुसता वर बसून राहिला, तर चेहरा राखाडी दिसतो. आपल्याकडच्या किती जणी एवढ्या एका कारणाने मिनरल मेकअप सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मी पहिला मान सपाट माथ्याच्या दाट ब्रशला देते. केस आखूड, गच्च बांधलेले, वरून कातरून सपाट केलेले. झाकणात चिमूटभर पावडर घ्यायची, ब्रश त्यात फिरवायचा, पावडर केसांत शिरली की दांडा टेबलावर हलकेच आपटायचा म्हणजे वरवरची धूळ झडते. मग गालापासून सुरुवात करून गोल चोळत नाकाकडे, हनुवटीकडे जायचं. पहिल्या हाताला काहीच लावलं नाही असं वाटेल, तेच बरोबर आहे. दुसरा हात, हवा तर तिसरा. शेवटी दोन-चार हात वरून खाली, लवेच्या दिशेने फिरवायचे म्हणजे लवेवर अडकलेली पावडर बसते. मुरमांचे डाग, वांग, डोळ्यांभोवतीचा काळेपणा असेल तर हाच ब्रश घ्या. तोटा एवढाच की हात जड असेल तर चोळून चोळून त्वचा लाल होते. ताजी मुरमं असतील त्या जागी चोळू नका, ब्रशचं टोक नुसतं दाबा.

काबुकी ब्रश म्हणजे बुटक्या दांड्याचा, घुमटासारखा गोल. नाव जपानच्या काबुकी नाट्यपरंपरेवरून आलं. केसही दाट असतात, पण माथा गोल असल्याने दाब मधोमध पडतो आणि कडेला हलका होत जातो. त्यामुळे थर पातळ बसतो आणि मान किंवा केसांच्या रेषेपाशी कड दिसत नाही. रोज ऑफिसला जाताना पाच मिनिटांत आवरायचं असेल, त्वचा मुळात बरी असेल, तर काबुकी सपाट ब्रशपेक्षा सोयीचा. पर्समध्येही मावतो. नाकपुडीच्या खाचेत मात्र तो पोचत नाही, तिथे बोटाला उरलीसुरली पावडर लावून टिपावं लागतं.

दोन्ही ब्रशांत केस कशाचे, हा प्रश्न येतोच. बकरीचा केस सूक्ष्म खवल्यांचा असतो, पावडर छान धरतो, स्पर्श मऊ. पण तो त्वचेचं तेलही शोषतो, धुतल्यावर लवकर वाळत नाही आणि ओला असताना वास येतो. मी सिंथेटिक घ्या म्हणेन. सनस्क्रीन किंवा मॉइश्चरायझर लावलेल्या चेहऱ्यावर सिंथेटिक केस गिचगिचीत होत नाहीत, धुवायलाही सोपे.

ओलसर स्पंजची गोष्ट वेगळी. अंड्याच्या आकाराचा जो स्पंज आज सगळीकडे दिसतो तो हॉलीवूडमधल्या मेकअप आर्टिस्ट रिया अ‍ॅन सिल्वा यांनी २००३ मध्ये बाजारात आणला. तो मुख्यतः लिक्विड आणि क्रीमसाठी. तरी कोरड्या त्वचेवर मिनरल पावडर लावायला मी तोच सुचवते. नागपूरच्या थंडीत गालाला पापुद्रे सुटतात, त्यावर कोरडा ब्रश फिरवला की प्रत्येक पापुद्रा उठून दिसतो. स्पंज भिजवून घट्ट पिळायचा, मग टॉवेलमध्ये गुंडाळून पुन्हा दाबायचा. हाताला गार लागला पाहिजे, ओला नाही. झाकणातली पावडर त्याने उचलून टिपत लावली की ती क्रीमसारखी बसते आणि डागही चांगले झाकले जातात. पाणी जास्त राहिलं तर मात्र ओघळ उठतात. ओला स्पंज डबीत कधीही बुडवू नका. पावडर कोरडी असते म्हणून तिच्यात जंतू वाढत नाहीत. आत ओल शिरली की ती सोय संपली.

पफ मेकअप झाल्यावर कपाळाचं तेल टिपायला ठीक, फाउंडेशन लावायला नाही. लांब दांड्याचा फुलारलेला पावडर ब्रशही तसाच: अर्धी पावडर हवेत उडते, नाकातोंडात जाते, आणि चेहऱ्यावर काही उरत नाही.

कोकणात, मुंबईत राहत असाल तर आणखी एक गोष्ट धरून चाला. जून ते सप्टेंबर स्पंज आतून वाळतच नाही, आणि कापल्यावर आत काळे ठिपके दिसतात ती बुरशी असते. पावसाळ्यात मी स्पंज बाजूला ठेवते. ब्रश आठवड्यातून एकदा बेबी शाम्पूने धुते, केस खाली धरून, म्हणजे पाणी केस नि दांडा जोडणाऱ्या पत्र्याच्या गळ्यात शिरून गोंद सुटत नाही. मग टेबलाच्या कडेवर आडवा, केस कडेबाहेर काढून, पंख्याखाली ठेवते. पावसात वाळायला पुरते दोन दिवस लागतात, म्हणून ब्रश दोन ठेवलेले बरे.

दुकानात ब्रश हातात घेतलात की तळहातावर दाबून बघा. केस फाकून बुडापर्यंत फट दिसली तर तो मिनरल फाउंडेशनच्या कामाचा नाही. मग मनगटावर गोल फिरवा: टोचला तर चेहऱ्यावर दुप्पट टोचेल. दोन-तीनदा हलकेच ओढा, केस हातात आले तर परत ठेवा. चार-पाचशे रुपयांतही चांगला सिंथेटिक सपाट ब्रश मिळतो, आणि एकच घ्यायचा असेल तर तोच घ्या.