आईवडिलांशी रोज बोलायला व्हिडिओ कॉल की साधा फोन?

व्हिडिओच्या बाजूनं बोलणारे हमखास एक आकडा पुढे करतात: संवादातला 93 टक्के भाग शब्दांविना असतो, म्हणून चेहरा दिसायलाच हवा. तो आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतला. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून फक्त आवड-नावड ओळखायला सांगितलं होतं. गुडघेदुखी आणि भाताची लावणी यांवरच्या गप्पांना तो लावू नये.

व्हिडिओचं मोल मात्र खरं आहे. बाबा 'काही नाही रे' म्हणतात, पण पायाला आलेली सूज आवाजातून कळत नाही. कमी ऐकू येणाऱ्यांना तर ओठ दिसले की मोठा आधार होतो.

तरी रोजसाठी मी फोनच धरला. कारण एकच, हुंकार. आई काही सांगत असली की मध्येमध्ये 'हं', 'मग?', 'असं होय' लागतं, नाहीतर तिचं बोलणं पुढे सरकत नाही. व्हिडिओवर मोबाइल हातभर लांब, स्पीकर चालू. आवाज घुमू नये म्हणून एका बाजूचं बोलणं चालू असताना दुसऱ्या बाजूचा आवाज बऱ्याचदा दाबला जातो. माझा 'हं' एकतर गिळला जातो, नाहीतर उशिरा पोचून तिचं वाक्य तोडतो. 'काय म्हणालास?' 'काही नाही, तू बोल.' तोवर तिनं पुन्हा सुरुवात केलेली असते, मग दोघंही थांबतो. 2009 च्या एका अभ्यासात 10 भाषांमध्ये प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर सरासरी 0.2 सेकंद निघालं. आमच्या गावचं नेट तेवढा वेळ सहज खातं.

फोन कानाला असला की कढईतलं उलथनं थांबल्याचं कळतं, 'बरं आहे' म्हणण्याआधी तिनं घेतलेला श्वासही. जुन्या फोनवर आवाज साधारण 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतच (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) जायचा. दोन्हीकडे व्होल्टे, म्हणजे 4जी नेटवर्कवरून जाणारा कॉल, असेल तर 7000 पर्यंत जातो. निदान मला तरी तो फरक जाणवतो.

ऐकायला कमी येत असेल, तर व्हिडिओ बरा. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या घरात दुसरा पर्यायच नाही. बाकीच्यांनी रोज फोन करून पाहावा आणि व्हिडिओ रविवारी लावावा, मोबाइल डब्याला टेकवून ठेवायला सांगून.